एकदाही बंद न पडता

७ सप्टेंबर १९९८, सोमवार. नॉरफोक.
लेबर डेची सुट्टी. आजपासून रोज लिहायचं, असा निश्चय.

कोरिनला जेवायला नेलं. खेकडे. सतरा ऑक्टोबरला, शनिवारी दुपारी चार वाजता तिचं लग्न. चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत तिला हात धरून मी नेणार. बापाचा मान असतो तो. तिला सांगितलं की उद्यापासून पाच आठवडे मी 'टॉलिव्हर' युद्धनौकेवर. ती म्हणाली, डॅड, या वेळी नको ना जाऊस, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. मी म्हटलं, अगं, त्या नौकेचं इंजिन, सुकाणू, सगळं आता मी बसवलेल्या कॉम्प्युटरवर चालतं, मीच नसलो तर कसं? शिवाय शुक्रवारी सकाळी धक्क्याला लागणार, लग्न शनिवारी. मधे अख्खा दिवस मोकळा. तिने विचारलं, आणि नाही लागली तर? मी पोटभर हसलो. ती हातातल्या बिस्किटाचा चुरा करत बसली. मग म्हणाली, बरं.

वाद घातला नाही. म्हणजे पटलं.

आणखी निश्चय: वजन दहा पौंड उतरवणे. वॉल्ट्झ शिकणे, कारण लग्नात बाप-लेकीचा नाच असतो. लाइलला 'सतरंजीवाला' न म्हणणे. लाइल म्हणजे मॅक्सीनचा दुसरा नवरा, गालिच्यांचं दुकान आहे त्याचं. मॅक्सीन म्हणजे माझी पहिली बायको. दुसरी झालीच नाही.

८ सप्टेंबर, मंगळवार. समुद्रात.
निघालो. कॅप्टन ऑस्ट्रँडरनी सगळ्यांसमोर ओळख करून दिली. म्हणाले, हे मिस्टर वेंडेल क्रॅनशॉ, यांनी आपल्याकडे कॉम्प्युटर आणले. काही बिघडलं तर यांना समुद्रात फेकू नका. माझ्याकडे आणा, मी फेकतो. खूप हशा. प्रेमळ माणूस.

मी छोटं भाषण केलं. पूर्वी नौदलासाठी खास सिस्टिम बनवावी लागायची, वर्षानुवर्षं जायची. आता नाही. ऑफिसातली टायपिस्ट ज्यावर पत्रं टाइप करते, तीच दुकानात मिळणारी सिस्टिम आज युद्धनौका चालवते! एका खलाशाने विचारलं की टायपिस्टचं मशीन अडकलं तर ती कॉफी प्यायला जाते, आम्ही कुठे जायचं? त्याला विषयच कळलेला नव्हता. पुढचा मुद्दा घेतला.

हाताने चालवायची जुनी कंट्रोल्स मागच्या वर्षी काढली, माझ्याच सूचनेवरून. जागा अडवत होती. शंकेला जागा ठेवली की शंका येऊन बसते, असं मी तेव्हाच्या अहवालात लिहिलं होतं. छान वाक्य आहे.

११ सप्टेंबर.
धक्का बसला. कंट्रोल रूमची मुख्य चीफ इबार्रा रोज संध्याकाळी जेवण झालं की एकेक कॉम्प्युटर बंद करते आणि पुन्हा चालू करते. गुपचूप. मार्च-एप्रिलपासून चाललंय हे!

बाई टेक्सासची, आवाज भोंग्यासारखा. जाब विचारला. म्हणाली, अहो सर, नाही केलं तर सुस्तावतात मेले. मी विचारलं, का सुस्तावतात? म्हणाली, मला काय ठाऊक? माझी आजी टीव्हीला थापड मारायची. का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण मॅच दिसायची.

हा विज्ञानाचा अपमान आहे. शिवाय मला अहवालात एक वाक्य लिहायचं आहे: 'सिस्टिम महिनाभर एकदाही बंद न पडता चालली.' त्या वाक्यावर सगळ्या ताफ्याचं काम आमच्या कंपनीकडे यायचंय. ही बाई रोज बंद करायला लागली तर ते लिहू कसं?

१४ सप्टेंबर.
बंदी घातली. कॅप्टन म्हणाले, वस्तू तुमची, तुम्ही जाणा, पण जहाज माझं आहे तेवढं ध्यानात असू द्या. अर्थातच.

प्रत्येक बटणावर कागद चिकटवला: हात लावू नये. चीफने कागद वाचला आणि छातीवर क्रूस काढला. धार्मिक असावी.

आजपासून महिना मोजायचा. वजन: जहाज डुलत असल्याने काटा विश्वसनीय नाही.

२२ सप्टेंबर.
सुरेख चाललंय. पडदे किंचित सावकाश उघडतात. बटण दाबलं की कॉफीचा घोट घ्यावा, घोट गिळेपर्यंत हजर. याला बिघाड म्हणत नाहीत. पोरं उगाच बटणं बडवतात, त्याने होतं.

दिवसातून एकदा ई-मेल येते. कोरिनला विचारलं होतं, टाय कुठल्या रंगाचा? तिचं उत्तर: काळा चालेल. काहीही चालेल. तब्येतीला जप. एवढंच. मोजकं लिहिते. माझ्यावर गेली आहे.

२९ सप्टेंबर.
मॅक्सीनची मेल. तिच्यावर कुणी गेलेलं नाही, ते बरं आहे. लांबलचक. म्हणते, वेंडेल, तिच्या ग्रॅज्युएशनला तू स्कॉटलंडजवळ होतास, अपेंडिक्सच्या ऑपरेशनला इटलीत. जे झालं ते झालं. पण या वेळी यायचं नसेल तर आत्ताच सांगून टाक, पोरीला नवरीच्या कपड्यात दाराशी ताटकळत ठेवू नकोस.

असला अविश्वास! तेव्हाची जहाजं जुनी होती. उशीर व्हायचा. त्यात माझा काय दोष? उत्तर पाठवलं: माझा शब्द आणि माझी सिस्टिम, दोन्ही पक्के. तिने उलट लिहिलं: त्याचीच भीती वाटते.

मनाला लावून न घेण्याचा निश्चय. रात्री पिझ्झा होता. चार तुकडे.

५ ऑक्टोबर.
वॉल्ट्झची तालीम. चीफ इबार्राच शिकवते, कंट्रोल रूममध्ये, दोन टेबलांच्या मधे. शिवी दिल्यासारखी मोजते. म्हणाली, सर, पोरीला ओढू नका हो, ती ट्रॉली नाही. आणि पायाकडे बघू नका, तिच्याकडे बघा. मी म्हटलं, पायाकडे नाही बघितलं तर तिच्या पायावर पाय पडेल. ती म्हणाली, पडू दे, लग्नात बापाचा पाय पडला म्हणून कुठली पोरगी रडत नाही.

मला एकदम कोरिन चार वर्षांची आठवली. माझ्या बुटांवर उभी राहून नाचायची. तेव्हा मला नाच येत नाही हे तिच्या लक्षातच यायचं नाही.

पुढे तालीम झाली नाही. अहवालाचं काम होतं.

९ ऑक्टोबर.
सकाळी कॅप्टननी डावीकडे वळायचा हुकूम दिला. नौका वळली, पण जरा विचार करून. कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, उष्णता. ते म्हणाले, ऑक्टोबर आहे. मी म्हटलं, मशीनच्या आतली.

नंतर चीफ हळूच आली. हळूच म्हणजे निम्म्या जहाजाला ऐकू जाईल इतकंच. म्हणाली, एकदाच बंद करून चालू करू द्या. माझ्या गळ्याची शपथ, कुणाला सांगणार नाही. तुम्हाला लग्नाला जायचंय ना?

क्षणभर हो म्हणणार होतो. पण महिना भरायला थोडकेच दिवस उरले आहेत. घोडामैदान जवळच आहे. इथे कच खाल्ली तर ते वाक्य कायमचं गेलं. नाही म्हटलं.

१४ ऑक्टोबर, बुधवार.
महिना पुरा! एकदाही बंद न पडता! अहवालात ते वाक्य लिहिलं, खाली रेघ मारली. आचाऱ्याने केक केला. दोन तुकडे खाल्ले, विजयाचे धरत नाहीत.

चीफने विचारलं, झाला ना तुमचा महिना? आता करू बंद? मी म्हटलं, आता तर मुळीच नाही. शुक्रवारी धक्क्यावर अॅडमिरल येणार, त्यांच्यासमोर म्हणायचंय, बघा, अजून चालू आहे. दोन दिवसांनी काय बिघडतं?

ती कॉफीचा कप घेऊन निघून गेली.

१५ ऑक्टोबर, गुरुवार. दुपार.
तात्पुरती अडचण.

जेवायच्या वेळेला एक कॉम्प्युटर थबकला. दुसरा त्याच्या उत्तराची वाट बघत थांबला, तिसरा दुसऱ्याची. मग सगळेच. मग इंजिन. मग पंखे. एवढ्या मोठ्या जहाजावर एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कुणाचा तरी चमचा पडला तो ऐकू आला.

बंद करून पुन्हा चालू करून पाहिले. चालू होत नाहीत. आतली माहिती विस्कटली आहे.

कॅप्टननी विचारलं, हाताने कसं चालवायचं? मी समजावून सांगितलं की ती सोय काढून टाकली आहे. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. ओरडले नाहीत.

व्हर्जिनियाचा, म्हणजे घरचा, किनारा उद्या सकाळी दिसायचा होता. हरकत नाही. लग्न शनिवारी आहे.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार.
ओढून न्यायला टग आली. समुद्र खवळलेला. दोर बांधला, तुटला. पुन्हा बांधला.

कॅप्टनकडे हेलिकॉप्टर मागितलं. म्हणाले, मिस्टर क्रॅनशॉ, मलाही दोन मुली आहेत. पण हेलिकॉप्टर मरणाऱ्यासाठी मागवतात, लग्नाला जाणाऱ्यासाठी नाही. आणि ते उतरवायला जी यंत्रणा लागते, तीही तुमच्याच कॉम्प्युटरवर आहे.

टगच्या रेडिओवरून कोरिनला निरोप पाठवला: उशीर होतोय, येतोच आहे. टगवरच्या माणसाने विचारलं, साहेब, आपला वेग माहीत आहे ना? पाठवू का खरंच? मी म्हटलं, पाठव.

आज संध्याकाळी चर्चमध्ये रंगीत तालीम असणार. तालमीचं एवढं काय? मला चालता येतं.

१७ ऑक्टोबर, शनिवार. चार वाजले.
सूट घातला आहे. का घातला, माहीत नाही. बटण लागत नाही.

कंट्रोल रूममध्ये उभा होतो. चीफ टॉर्च घेऊन आली. मला पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी लागेलसं बोलणार. बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि विचारलं, पोरीचं नाव काय म्हणालात? मी म्हटलं, कोरिन. म्हणाली, छान नाव आहे. मग घड्याळ बघून म्हणाली, आत्ता निघाली असेल दारापासून.

माझा उजवा हात कोपरात वाकून पुढे झाला. आपोआप. मी तो खाली घेतला.

डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पंखे बंद आहेत, हवा कोंदट आहे, त्याने. चीफने टॉर्च दुसरीकडे वळवला. मग उठली, बटणांवरचे माझे कागद एकेक करून सोलून काढले आणि कामाला लागली. मी तिला अडवलं नाही. काही मशीन सुरू झाली.

१८ ऑक्टोबर, रविवार. नॉरफोक.
सकाळी टगने धक्क्याला लावलं. अॅडमिरल आले नव्हते.

टॅक्सीत पाठ करत होतो. कोरिनला काय सांगायचं ते सगळं जुळवलं होतं. बेटा, मी वेळेवर निघालो होतो, सिस्टिम अडकली. समुद्र खवळला. दोर तुटला. माझ्या हातात काही नव्हतं. मी यायलाच निघालो होतो गं. हे खरं आहे आणि ती समजून घेईल. शहाणी मुलगी आहे.

घरी आन्सरिंग मशीनवर एकच निरोप. विमानतळावरून केलेला, मागे गोंगाट. म्हणाली, डॅड, तुझा निरोप मिळाला. मनाला लावून घेऊ नकोस हं. काही अडलं नाही. लाइलला मी जूनमध्येच विचारून ठेवलं होतं, वेदीपर्यंत मला नेशील का म्हणून. तू आलास तर तो मुकाट्याने मागे जाऊन बसणार होता. छान झालं सगळं. तुझ्यासाठी केक ठेवलाय मॉमच्या फ्रीझरमध्ये. तुझ्या कॉम्प्युटरचं ऐकून वाईट वाटलं, अगदी मनापासून. जेवत जा वेळेवर.

काही अडलं नाही, हे ऐकून आधी बरं वाटलं. चला, निभावलं. बूट काढले. पुन्हा एकदा ऐकलं, नुसता तिचा आवाज ऐकायला.

तेव्हा कळलं ती काय म्हणाली ते. जूनमध्ये हा प्रवास ठरलासुद्धा नव्हता. जूनमध्ये मी घरीच होतो.