अटी मान्य नाहीत

३ मार्च

चिमणीने सगळं उचलून नेलं! सगळं म्हणजे सगळं — आमच्या गोष्टीच्या पहिल्या प्रकरणापासून. माझी प्रकरणं, आजोबांची, तिची स्वतःची, एका माळेत ओवून त्या नव्या साइटवर टाकून मोकळी. वर नाव एकच. तिचं.

सकाळी दातांच्या लॅबमध्ये मेणाची दाढ कोरत होते. फोन वाजला. "ताई, सरप्राइज! बघ आपली बोट कुठे पोचली." बघितली. निळं-गुलाबी पान, मधोमध आमच्या कप्तानाचं चित्र, कुठल्याशा यंत्राने काढलेलं — बिनदाढीचं! कप्तानाला दाढी आहे हे मालिका बघणाऱ्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि दर परिच्छेदानंतर जाहिरात. डॉक्टरीणबाई बुडत्या माणसाचा हात धरते, खाली पायमोजे.

बघण्याच्या नादात दाढेचा कोपरा उडाला. परत पहिल्यापासून कोरली.

४ मार्च

राग तसाच आहे. लिहून काढते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

मालिका बंद पडली तेव्हा बोट धुक्यात होती. कप्तान जखमी, डॉक्टरीणबाई एकटी सुकाणूपाशी, आणि वाहिनीवाल्यांनी गाशा गुंडाळला. आई आणि मी दोघी त्या दिवशी कुणी मेल्यासारख्या बसून होतो. मग मला आजोबांची साइट सापडली, तिथे पुढची गोष्ट लिहायला लागले. चिमणीही तिथेच भेटली. आजोबा म्हणजे चाळिशीचे गृहस्थ, पाणीपुरवठ्यात नोकरी, पण बोलणं असं की सगळे आजोबाच म्हणतात. साइट त्यांच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालते. पाहुण्यांपैकी कुणी चुकून बटण बंद केलं की साइट बंद. जाहिरात नाही, वर्गणी नाही. अक्षर मुंगीएवढं, पण जागा आपली.

आमची रीत अशी — एकाने प्रकरण लिहायचं आणि शेवटचं वाक्य अर्धं सोडायचं. पुढच्याने ते वाक्य पुरं करून सुरुवात करायची. प्रकरणावर कुणी नाव घालायचं नाही. सगळ्यात वर फक्त एक ओळ: 'ही माणसं आमची नाहीत. उसनी आणली आहेत, जपून वापरू.'

नव्या साइटवर चिमणीने चौकोनात खूण केली, 'हे सर्व लेखन माझे स्वतःचे आहे.' आमची नावं कुठे नव्हतीच, मग त्यांना काय कळणार? आणि ती उसन्याची ओळ काढून टाकली. जागेत बसत नव्हती म्हणे.

६ मार्च

जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून त्यांच्या अटी वाचल्या. पूर्ण. 'कायमस्वरूपी, जगभर, कोणत्याही माध्यमात वापरण्याचा, बदलण्याचा, त्यावरून नवीन कृती तयार करण्याचा व हे हक्क इतरांस देण्याचा अधिकार.' म्हणजे लेकरू तुमचंच हो, फक्त त्याचं नाव-कपडे-तोंड आम्ही बदलू आणि वाटेल त्याला दत्तक देऊ. पुढे आणखी मजा. कुणी मालकी सांगत आला तर जबाबदारी लेखकाची. मलई त्यांना, मार आम्हाला!

मालिकेचे खरे मालक आजवर गप्प का बसले? आम्ही त्यातून काही कमावत नाही म्हणून. त्यांनी डोळेझाक केली, आम्ही आवाज केला नाही, बरं चाललं होतं. उद्या त्यांना पायमोजे दिसले की ते सगळ्यांच्याच मागे लागणार, आणि पहिले सापडणार आजोबा. हे सगळं चिमणीला फोनवर सांगितलं.

ती म्हणाली, "ताई, अटी कोण वाचतं?"

७ मार्च

दादा-वहिनी आले होते. आईच्या डोळ्यात थेंब घालायचं काम आज वहिनीने केलं, मग दोघी आत फोन घेऊन बसल्या. मी दादाला सगळं सांगितलं. चूक केली. हसून हसून त्याला ठसका लागला. "माणसं दुसऱ्याची, बोट दुसऱ्याची, आणि चोरी झाली म्हणून बोंबलतेस तू? तुला भेटला चोरावर मोर!"

आई आतून विचारायला लागली, कसली चोरी गं? लॅबमधली, म्हटलं. मी लिहिते हे दादाशिवाय घरात कुणाला माहीत नाही. या वयात दुसऱ्याच्या बोटीत बसून गोष्टी रचते हे आईला काय सांगू? म्हणेल, एवढा वेळ होता तर स्थळं का नाही बघितलीस.

दादाला द्यायचं उत्तर आत्ता सुचतंय. मी रोज दात करते. कॅपा, कवळ्या. बसवतात डॉक्टर, नाव होतं डॉक्टरांचं, मला कधी काही वाटलं नाही. ते विकायलाच केलेले असतात. गोष्ट विकायला केली नव्हती. शेजारणीचं पातेलं उसनं आणून त्यात शिजवणं वेगळं आणि तेच पातेलं बाजारात मांडणं वेगळं.

११ मार्च

आजोबांनी साइटला रीतसर कळवलं. उत्तर आलं: 'तुमचे मत आमच्यासाठी मोलाचे आहे. कृती काढण्याची विनंती लेखकाने करावी.' लेखक म्हणजे चिमणी. म्हणून पुन्हा चिमणीला फोन.

"ताई, तिथे हजारो लोक आहेत. वाचतात, ऐकतातसुद्धा. बटण दाबलं की गोष्ट बोलायला लागते. आपल्या जुन्या जागी आपण दहा-बारा जण. तूच लिही, मीच वाहवा म्हणते."

"लाख असोत. मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

म्हणूनच तर विचारायचं असतं, बये!

१४ मार्च

आज कहर झाला. साइटच्या यंत्राने 'वाचकांच्या आवडीनुसार' पुढचं प्रकरण स्वतःच जोडलं! माझं शेवटचं प्रकरण रीतीप्रमाणे अर्ध्या वाक्यावर थांबलं होतं — 'डॉक्टरीणबाईने कंदील उचलला आणि...' पुढची पाळी आजोबांची. यंत्राने पुरं केलं, 'आणि तिला उमगले की प्रेम हाच खरा प्रकाश आहे.'

प्रेम हाच खरा प्रकाश! माझ्या डॉक्टरीणबाईला असलं काही उमगत नाही. ती कंदील उचलते ते जखम बघायला. एवढी वर्षं तिला सांभाळलं, ते या सुविचारासाठी?

चिमणी फोनवर रडली. "ताई, हे मी नाही गं केलं." तिने काढायचं बटण दाबून बघितलं. 'लोकप्रिय कृती काढता येत नाही.' तसं अटींमध्ये आहे म्हणे. आता वाचल्या तिने.

१६ मार्च

आमच्यात एक गोष्ट कुणी करत नाही. मालिकेच्या खऱ्या मालकांचं नाव काढत नाही. आग्यामोहोळाला कोण दगड मारणार?

मी आज दगड हातात घेऊन साइटवाल्यांना दाखवला. लिहिलं — ही कृती अमुक मालिकेवर बेतलेली आहे, तुम्ही तिच्यावर जाहिराती चालवता, परवापर्यंत उतरली नाही तर वाहिनीला मीच कळवणार. पाठवण्याआधी आजोबांना विचारलं.

"खरंच कळवणार?"

"छे."

"मग पाठवा."

चिमणी म्हणाली, "तू म्हणशील तसं, ताई." पाठवलं. लॅबचे मालक म्हणाले, आज साचे फार आपटताय, काही बिनसलंय का? नाही म्हटलं.

१८ मार्च

उतरली! चित्र, आवाज, पायमोजे, प्रेम, प्रकाश, सगळं साफ. 'ही कृती आता उपलब्ध नाही.' एवढंच. माफी नाही, खुलासा नाही. अटी पाठ करून दाखवणाऱ्यांना मालकांचं नाव ऐकल्यावर कसा घाम फुटला!

आजोबांनी माझं अर्धं वाक्य हाती घेतलंय, रविवारी प्रकरण येईल. चिमणीने जुन्या जागी 'माफ करा' एवढंच लिहिलं. मी तिला फोन केला, बराच वेळ कप्तानाच्या जखमेवर बोललो. राग पुरता गेलेला नाही, पण आज दोन घास जास्त जेवले.

१९ मार्च

आई सकाळपासून फोन हातात धरून बसलेली. चहाला हात लावला नाही. "वहिनीने लावून दिली होती ती गोष्ट बोलेनाशी झाली गं. आपली ती बोटीची मालिका नव्हती का, तिचं पुढचं कुणीतरी लिहिलंय. डोळे मिटून तीच ऐकत होते. लिहिणाऱ्या दोघी-तिघी असाव्यात. त्यातली एक अशी लिहायची, जशी काही आपल्या दोघींच्या शेजारी बसून तिने ती मालिका बघितलीय." मग म्हणाली, "ज्याने कुणी बंद पाडली त्याचं तळपट होवो. तुला कुठे मिळते का बघ ना."

बघते, म्हटलं.