आरशाची जाळी ज्याने ताणली, त्याच्या नावे

शनिवार, ११ जानेवारी २०२५, सकाळी ११ वाजून २० मिनिटे. ही वेळ आधी लिहिते, कारण या मिनिटामुळे मी माझे मृत्युपत्र बदलत आहे.

मी, कमळा सीताराम निमगडे, वय ७१, निवृत्त भौतिकशास्त्र प्राध्यापिका, राहणार मूल रोड, चंद्रपूर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाशिवाय हे स्वहस्ते लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझे डोके फिरले आहे असे माझ्या जुन्या विभागाचे प्रमुख गुणवंतराव कोहपरे सांगत फिरतात; त्यांनी तो अवश्य वाचावा. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द.

१. घर भाचा निकेश याला. मागची खोली पाहून "आत्या, हे कबाड कधी हटवतेस?" असे तो दर दिवाळीला विचारतो. म्हणून त्या खोलीतला एक स्क्रूही त्याला नाही.

२. बँकेतली शिल्लक माझ्या कॉन्व्हेंट शाळेच्या ग्रंथालयाला. तिथल्या सिस्टरांनी वहीत समास सोडायला आणि खोटे न बोलायला शिकवले. समास पुष्कळांना जमतो.

३. पुढचे कलम समजावे म्हणून वकिलांसाठी थोडे सविस्तर लिहिते. टाइम-ऑफ-फ्लाइट मास स्पेक्ट्रोमीटर विद्युतभारित कणांना एकाच क्षणी ढकलतो आणि नळीच्या टोकाला कोण कधी पोचला ते मोजतो. हलका आधी, जड नंतर. जवळच्या वजनाचे दोन कण वेगवेगळे दिसले तर यंत्र चांगले. निवृत्तीनंतरही मी विभागाच्या अशा यंत्रावर काम करत होते. संगणकातल्या नमुन्यात, म्हणजे मॉडेलमध्ये, आम्हाला आलेखावर दोन सुबक टोके दिसत, प्रत्यक्षात एकच बोथट टेकाड. गुणवंतराव दीड वर्ष नमुनाच आणखी बारीक करत बसले. नळीत कणांना परत फिरवणाऱ्या विद्युत-आरशाची तारेची जाळी त्यांनी सपाट धरली होती. ती सपाट नव्हती. मीच ती कडेकडेने चिकटवत गेले होते, पतंगाचा कागद चिकटवावा तशी, आणि मध्ये तिला अर्ध्या मिलिमीटरचा झोळ आला होता. चूक माझी, लिहून देते.

ती सापडली प्रयोगशाळा परिचर दसरू नैताम यांना. धानोऱ्याकडे त्यांच्या घरी ढोल मढवतात. जाळीत ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहून ते म्हणाले, "बाई, उजेडाची रेघ वाकडी दिसून राह्यली. तुमी एका अंगानं ओढत गेल्या. समोरासमोर ओढा लागते." मी झोळ मोजून नमुन्यात घातला, तेव्हा तिथेही तेच टेकाड आले. मग दसरूंनी जाळी ढोलासारखी ताणली, एकदा इकडून, एकदा नेमके समोरून, रेघ सरळ होईपर्यंत. रेझोल्यूशन, म्हणजे जवळचे कण वेगळे दाखवण्याची यंत्राची ताकद, ८०० वरून २६०० वर गेले.

वर लिहिलेल्या मिनिटाला, भर चर्चासत्रात, गुणवंतरावांनी ही युक्ती "आमच्या नमुन्याने सुचवली" असे सांगितले. पडद्यावर शोधनिबंधाचे लेखक दोन: ते आणि त्यांचे जावई. मी आभारात. दसरू कुठेच नाहीत. मी उठून जाब विचारला. गुणवंतराव हसले. "मॅडम, शिपायाचं नाव लेखकांत घातलं तर लोक काय म्हणतील?"

दसरू चहाचा ट्रे घेऊन दारातच उभे होते. जिन्यात मला म्हणाले, "जाऊ द्या बाई. मले काय कराचं नावाचं?" तीन दिवसांनी घरी आले, इकडचे तिकडचे बोलत बराच वेळ बसले आणि उठता उठता विचारले, "नैताम इंग्रजीत कसं लिहितेत, बाई?" मी वीजबिलाच्या पाठीवर लिहून दिले. त्यांनी घडी करून खिशात ठेवले. ३० एप्रिलला ते निवृत्त होतात.

४. मागच्या खोलीत आणून ठेवलेला आरसा आणि प्रयोगांच्या अकरा वह्या दसरू नैताम यांना. आरसा माझ्या खर्चाने बनला, पावत्या आहेत. निबंधातली प्रत्येक आकृती या वह्यांतली आहे आणि नियतकालिकाने आता मूळ नोंदी मागितल्या आहेत. तेव्हापासून गुणवंतराव मला फोनवर "ताई" म्हणू लागले आहेत.

५. माझ्यासाठी विभागाने शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर गुणवंतरावांना माईक देऊ नये.

व्यवस्थापक: अॅड. पुनम गेडाम. दसरूंनाच साक्षीदार करणार होते, पण ज्याला काही मिळते त्याची सही चालत नाही, असे त्या म्हणाल्या.

साक्षीदार: करिष्मा वाकडे, ग्रंथपाल (सही)
डॉ. सुनिल बोरकर (सही)

कमळा सीताराम निमगडे (सही)
चंद्रपूर, सोमवार, ३ मार्च २०२५

प्रत: श्री. गुणवंतराव कोहपरे. माझ्या मरणाची वाट पाहू नये. वह्या आजच दसरू नैताम यांच्या ताब्यात दिल्या आहेत. लेखकांच्या यादीत त्यांचे नाव घातल्याच्या दुरुस्तीची प्रत जोडून, शुक्रवार, २८ मार्च २०२५, सायंकाळी पाचच्या आत लेखी उत्तर द्यावे. मला नव्हे. "श्री. दसरू नैताम यांस" असा मायना घालून, त्यांना.