नाडा रंजनकडे

महुवा, ता. ९ ऑक्टोबर १९८८

चि. ऊर्वीस अनेक आशीर्वाद.

आज रविवार. बँक बंद. सकाळी पाणी भरले, कपडे धुतले, खिचडी केली. बुडाला थोडी लागली. तू पाठवलेले रंगीत वेळापत्रक काल मिळाले. त्यात तू पहाटे पाचला उठतेस. असे आपल्या घरात आजवर घडलेले नाही. तुझी आई म्हणायची, ऊर्वीला उठवण्यापेक्षा म्हशीला जिना चढवणे सोपे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ड्रॉइंगच्या सगळ्या शीट सरांकडे गेल्या नाहीत, तर परीक्षेला बसू देणार नाहीत, हे समजले. आईला जाऊन दोनच महिने झाले, यंदा गरबा नाही, म्हणून नवरात्राच्या सगळ्या संध्याकाळी शीटसाठी मोकळ्या, असे तू लिहितेस. हिशेब बरोबर वाटतो.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तो वापरत जा.

पप्पा


वल्लभ विद्यानगर, ता. १२ ऑक्टोबर

ती. पप्पांना सा. न. वि. वि.

एकही शीट झालेली नाही. संध्याकाळी सगळं होस्टेल गरब्याला जातं आणि मी पेन्सिलींना टोक काढत बसते. माझ्या खोलीतली रंजन म्हणते, इतका टापटीप आळस तिने कधी पाहिला नव्हता. ती स्वतः रोज नाचते आणि तिच्या शीट निम्म्या झाल्यासुद्धा. सर म्हणाले, वेळापत्रकाला मार्क असते तर मी पहिली आले असते.

आई माझ्याकडून अभ्यास कसा करून घ्यायची, तुम्हांला ठाऊक आहे का?

रागावू नका, आणि माया कमी करू नका.

तुमची ऊर्वी


महुवा, ता. १४ ऑक्टोबर

चि. ऊर्वीस आशीर्वाद.

ठाऊक आहे. ती तुला मोकळा वेळ देतच नसे. तुझ्या चणियाचोळीचा नाडा लपवत असे. अभ्यास दाखवल्याशिवाय नाडा नाही. एका वर्षी तू सुतळी ओवून पळालीस आणि रात्रभर एका हाताने चणिया धरून नाचलीस.

मोठीबेनला सांगितले, ऊर्वी गरब्याला जाईल. ती म्हणाली, वर्षाच्या आत घरची मुलगी नाचली तर लोक काय म्हणतील? मी म्हटले, परीक्षेला लोक बसायचे नाहीत. तेव्हापासून सख्खी बहीण माझ्याशी बोलत नाही.

शेजारचे रमणीकभाई उद्या आणंदला निघालेत. त्यांच्याबरोबर चणियाचोळी पाठवतो. नाडा वेगळ्या पाकिटात, रंजनच्या नावाने. दिवसाचे काम पाहून तिने तो द्यावा, परत आलीस की काढून घ्यावा. सुतळी शोधू नकोस.

पप्पा


वल्लभ विद्यानगर, ता. २१ ऑक्टोबर

ती. पप्पांना सा. न. वि. वि.

सगळ्या शीटवर सरांची सही झाली! रंजन माणूस नाही, जेलर आहे. एका मापाची रेघ राहिली म्हणून तिने ढोल सुरू झाल्यावरही नाडा दिला नाही. मी रडत रेघ काढली आणि धावत सुटले. होस्टेलमध्ये सुतळी मिळत नाही, हे कळवते.

पहिल्या दिवशी पायच उचलेनात. रंजनने हात धरून ओढलं, मग उचलले. परत आल्यावर आईसाठी खूप रडले. मग झोप लागली. बऱ्याच दिवसांनी लागली.

मोठीबेन फोई बोलायला लागल्या का? माझा नमस्कार सांगा.

तुमची ऊर्वी


महुवा, ता. २४ ऑक्टोबर, शरदपूनम

चि. ऊर्वीस अनेक आशीर्वाद.

आज बँकेतून येताना मोठीबेन भेटली. शीट झाल्या का, एवढे विचारले आणि मग मला भर रस्त्यात अर्धा तास बोलली. म्हणजे सगळे ठीक आहे.

आज गल्लीतल्या मुलींचा शेवटचा गरबा. दरवर्षी आई त्यांना ल्हाणीच्या भेटी वाटत असे. यंदा आपल्या घरून नको, असे मीच ठरवले होते. तुझे पत्र वाचून बाजारात गेलो आणि स्टीलच्या वाट्या घेतल्या. दुकानदाराने मुली किती ते विचारले. मला सांगता येईना. ते आईच्या खात्यातले. जास्तच घेतल्या.

आपल्या दोघांतला लोभ असाच वाढू दे.

वाट्यांवर दुकानातली धूळ आहे. मुली यायच्या आत पुसून ठेवायला हव्यात. फडके सापडले आहे. बसतो.

पप्पा