आधी निधनवार्ता

३ नोव्हेंबर
आले एकदाची. बोलक्या पुस्तकांच्या कंपनीत वाचक म्हणून नोकरी, वरच्या मजल्यावर राहायला खोली. काचेची वाचनखोली म्हणजे खुराडंच, पण माईक असा की गिळलेला आवंढासुद्धा ऐकू येतो. मी वाचायचं, यंत्रानं माझा आवाज शिकायचा, मग ते हवं ते पुस्तक माझ्या आवाजात वाचणार. आईची दृष्टी गेल्यापासून रोज सकाळी मी तिला पेपर वाचून दाखवायचे. आधी निधनवार्ता, मग बाकीचं जग. आपला नंबर लागला नाही ना, एवढं बघून घेतलं की चहा गोड लागतो म्हणते. आता वाचन फोनवर.

९ नोव्हेंबर
ध्वनिमुद्रक म्हणाले, वाचन झकास आहे पण माया नाही, यंत्राला घरगुती बोलणंही हवं. मी म्हटलं, त्यात काय, आईला फोन इथूनच करते, माईक चालू ठेवून. तसंही या गावात माझ्याशी बोलणारं कोण आहे? जेवणाच्या सुट्टीतही सगळे कानात इअरफोन खुपसून बसतात.

१८ नोव्हेंबर
कंपनीनं आईला वाचनयंत्र भेट पाठवलं. आई हरखली. म्हणाली, अगदी तूच वाचतेस, आणि मधेच 'झोपलीस की काय' असंही विचारतेस. मला कसंसंच झालं. ते मी फक्त तिला विचारते, आणि तेही फोनवर.

२५ नोव्हेंबर
घसा बसलाय. दिवसाला आठ तास वाचून दुसरं काय होणार. आईला फोन लावला तर म्हणाली, आत्ताच तर तासभर बोललीस, विसरलीस? मी बोलले नव्हते. ध्वनिमुद्रकांना विचारलं, ते म्हणाले यंत्र फक्त वाचतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, आवाज पुरेसा झालाय, शनिवारपर्यंत खोली रिकामी करा.

२७ नोव्हेंबर
आईनं विचारलं, कोण बोलतंय. मी म्हटलं, अगं मी. तर म्हणाली, मुलीनं बजावून ठेवलंय, घसा बसलेली एक बाई 'मी तुझी मुलगी' म्हणेल, तिला थारा देऊ नकोस. आणि तिनं फोन ठेवला. तिला दिसत नाही. आवाज हीच माझी ओळख आहे.

२८ नोव्हेंबर, सकाळ
रात्रीच्या गाडीनं आले, आईच्या घराच्या पायरीवर बसून लिहितेय. घशातून नुसता वारा निघतो. दार वाजवलं — आई उठल्याचं ऐकू आलं — आतून माझाच आवाज म्हणाला, बस तू, तीच बाई असेल —

नुसता हात हातात घेतला तरी ओळखेल ती. अंगठ्यावरचा भाजल्याचा व्रण. तिनंच फुंकर घातली होती —

आत पेपर सुरू झाला. आधी निधनवार्ता. वय एकतीस, पेशानं वाचक, आईच्या दारात, आज सकाळी —

पुन्हा वाजवलं. दोन्ही हातांनी —

आई हळहळली. विचारलं, आपल्या ओळखीची होती का गं. माझा आवाज म्हणाला, नाही गं आई, असेल कुणी —