बुधवारची गाडी आणि पलीकडचा फलाट

तलाद फ्लू, बँकॉक,
मंगळवार

थोरल्या लमायताईच्या पायाशी,

धाकट्या थवीचा हात जोडून, मान पार खाली वाकवून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला? यंदा ताडाला रस बरा उतरला का? तू पाठवलेला ताडगूळ पोचला आणि सुका मासाही पोचला. ताडगुळाबद्दल आभार. माशाबद्दल पुढे लिहितो, कारण त्याने बँकॉकमध्ये मला तोंड दाखवायला जागा ठेवलेली नाही.

मी मजेत आहे. (हे वाचून तू लगेच दाजींना म्हणणार, "थवीचं काहीतरी बिनसलंय." तसं काही नाही. पुढे वाच.)

बुधवारी दुकान बंद असतं हे तुला ठाऊकच आहे. बुधवारी केस कापले तर वाईट होतं असं गिऱ्हाईक मानतं आणि न्हावीही मानतो. न्हावी जरा जास्तच मानतो, कारण त्यालाही सुट्टी हवी असते. तुझी भावजय ओरपिन हयात होती तेव्हा बुधवार हा आठवड्यातला सगळ्यात छोटा दिवस होता. ती सकाळी दुकानातल्या चादरी धुवायची, मी वाळत घालायचो, मग मी घातलेल्या काढून ती पुन्हा नीट घालायची, आणि कालव्याच्या काठी बसून नूडल्स खाईपर्यंत संध्याकाळ व्हायची. ती गेल्यापासून तोच बुधवार संपता संपत नाही. वस्तऱ्यांना धार लावत बसतो. शेवटी शेजारची जे हुई, तीच ती, जी दुकानासमोर लसणीच्या पातीच्या वाफवलेल्या वड्या विकते आणि खरोखरच सगळ्या गल्लीची 'जे', म्हणजे थोरली बहीण, असल्यासारखी वागते, ती आपल्या हातगाडीवरून ओरडली, "अरे ए थवी, किती घासशील ते वस्तरं? उद्या दाढी करताना मुंडकं उतरवशील कुणाचं तरी! जा, त्या पुलावरून जाणाऱ्या गाडीत बसून ये. म्हाताऱ्यांना अर्ध्या तिकिटात नेतात, वर गारवा फुकट!"

म्हातारा हा शब्द मी ऐकला नाही असं दाखवलं आणि गेलो.

ताई, इतकी वर्षं या गाडीखालून चाललो, पण वर कधी चढलो नव्हतो. ओरपिनला उंचीची भीती. "आकाशातून जायला आपण काय पोपट आहोत?" म्हणायची. वर बसलो तर सगळं शहर पाठीकडून दिसायला लागलं. समोरून पाहिलेली घरं वेगळी आणि ही वेगळी. विहाराची सोनेरी टोकं पार खिडकीशी आली, श्रीमंतांच्या गच्चीवरचे वाळत घातलेले लेंगे दिसले, आणि आपल्या दुकानाचं छप्पर दिसलं. त्यावर जे हुईने आपल्या मिरच्या वाळत घातल्या आहेत! माझ्या छपरावर! मला न विचारता! (खाली आल्यावर जाब विचारला. म्हणाली, "तुला कुठं लागतंय ते छप्पर? तू तर खाली राहतोस.") मग मी दर बुधवारी जायला लागलो. कधी या टोकाला, कधी त्या टोकाला. उतरायचं कुठे नसतं. एक देवस्थान खालून गेलं की डब्यातली सगळी माणसं मोबाइलवरून हात काढून नमस्कार करतात, मीही करतो, आणि दर वेळी मागायला काही सुचायच्या आत गाडी वळते.

आता मासा. इथे राहणाऱ्या तुझ्या लेकाकडे पोचवावा म्हणून एका बुधवारी पिशवीत घेतला. गाडीत खच्चून गर्दी होती, पण माझ्याभोवती हळूहळू मोकळी जागा झाली. मला वाटलं, वयाचा मान राखतायत. मग कोपऱ्यातली रिकामी जागा दिसली आणि टेकलो. ती भिक्खूंसाठी राखीव असते हे वर चित्र काढून सांगितलं होतं, पण चष्मा खिशात होता. पुढच्याच स्टेशनावर एक वयोवृद्ध भिक्खू आत आले. मी ताडकन उठलो, डोकं दांडीला आपटलं, हात जोडायला गेलो तर पिशवी सुटली आणि मासा बरोबर त्यांच्या पायाशी जाऊन पडला, जणू मी भिक्षाच वाढली. भिक्खूंनी माशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "उपासका, दुपार टळून गेली. आता आम्हाला खायला चालत नाही." सगळा डबा हसला. मी मासा उचलला आणि जे स्टेशन आलं तिथे उतरून गेलो. ते वोंग्विअन याय होतं. (लेकाला सांग, मासा पुढच्या खेपेला.)

तेवढ्यात संध्याकाळचे सहा वाजले आणि रोजचं राष्ट्रगीत लागलं. सगळा फलाट जागच्या जागी थांबला. धावत जिना चढणारा पोरगाही एक पाय वर ठेवून उभा. मी माशासकट ताठ झालो. समोरच्या फलाटावर एक बाई उभी होती. (मी सहज पाहिलं. राष्ट्रगीतात मान वळवता येत नाही, मग माणसाने पाहायचं कुठे?) आपल्याच वयाची असावी. हातात पिवळी छत्री, आणि केस असे कापलेले की डावी बाजू उजवीपेक्षा चांगली बोटभर लांब. कुणी कापले असतील? हात तोडायला हवेत त्याचे. अंगाने अगदी स्तब्ध, पण एक पाऊल चपलेतून हळूच बाहेर आलं आणि दुसऱ्या पोटरीवर खाजवून परत आत गेलं. मी ते पाहिलं हे तिने पाहिलं. राष्ट्रगीत संपलं, तिची गाडी मध्ये आली, गाडी गेली, फलाट रिकामा.

पुढच्या बुधवारी मी पुन्हा तिथेच उतरलो. (स्टेशन चांगलं आहे, वारा येतो.) ती होती. राष्ट्रगीत संपल्याबरोबर मी जिना उतरलो, पलीकडचा चढलो, आणि वर पोचलो तो तिच्या गाडीचं शेपूट दिसलं. त्याच्या पुढच्या बुधवारी शहाणपणा केला. आधीच जाऊन तिच्या फलाटावर उभा राहिलो, आणि समोर पाहतो तर ती माझ्या फलाटावर, मी जिथे उभा राहतो तिथेच, पिवळी छत्री घेऊन! राष्ट्रगीत लागलं. मी तिच्या जागी, ती माझ्या जागी, आणि दोघांनाही हलता येईना. मग मध्ये गाडी आली आणि तिला घेऊन गेली. तिला त्या बाजूला काही काम होतं की काय, तूच सांग. तू बाई आहेस, तुला कळेल.

असो. गाडी फार सुंदर आहे आणि स्वच्छ आहे. आपल्याकडे पाऊसपाणी कसं आहे ते कळव. ताई, मला ओरपिनची आठवण रोज येते आणि ती कमी झालेली नाही, हेही तुला सांगायचं होतं. ती ज्या चादरी पुन्हा वाळत घालायची त्या आता मी एकदाच घालतो. त्या वाकड्या सुकतात. घरात दिवसभर कात्रीचा आवाज असतो, दुकान बंद केलं की काहीच नसतं. आणि बुधवारी सहाला सगळं शहर थांबतं, तेवढा वेळ समोरून कुणीतरी माझ्याकडे पाहत असतं. मी सोमवारपासूनच त्याची वाट पाहतो. एवढंच.

दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
थवी

ता. क. : आई-बाबा नाहीत, तेव्हा माझ्यासाठी बोलणी करायला जाणारं मोठं माणूस तूच. गुडघा ठीक असेल तर चांगला दिवस पाहून इकडे ये. दाजींना आण, पण त्यांनी तिथे तोंड उघडायचं नाही हे घरूनच ठरवून आण.

ता. क. दुसरा : कुणाकडे बोलणी करायची ते मात्र अजून विचारू नकोस. तिचं नाव मला माहीत नाही. आपण बोलणी करायला येणार आहोत हे तिलाही माहीत नाही. तिचा नवरा आहे की नाही हेही पाहायचं राहिलं आहे.

ता. क. तिसरा, बुधवार : पत्र टाकायला निघालो, तर टपालकचेरी बंद झाली होती. म्हणून खिशात घेऊन तसाच स्टेशनवर आलो आणि आता पाकीट कठड्यावर ठेवून लिहितो आहे, अक्षर वाकडं आलं तर समजून घे. राष्ट्रगीत झालं. तिची गाडी आली, आणि गेली. ताई, ती गेली नाही! गाडी गेल्यावर ती तिथेच उभी. मग माझ्या बाजूची गाडी आली, गेली, मीही चढलो नाही. मी जिन्याकडे पाऊल टाकलं तर तिने पाऊल टाकलं, मी थांबलो तर ती थांबली. मग तिने छत्री उचलून शाळेतल्या बाईसारखं दटावलं, "तिथंच थांबा!" एवढ्या जोरात ओरडली की सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता ती जिना उतरते आहे. फलाटावरची सगळी माणसं केव्हाच चालायला लागली, आणि मी राष्ट्रगीत संपून इतका वेळ झाला तरी ताठ उभाच आहे.