राखेतल्या सपाता

३ फेब्रुवारी
डोंगरावरचं पाइनचं जंगल पेटलंय. अख्ख्या तोमे गावावर धूर. खिडक्या बंद. पुन्ता अरेनासहून मिरेयाचा फोन: पप्पा, एकटे राहू नका, इकडे या. पोरीला ठणकावून सांगितलं, मी ठणठणीत आहे. बायको, एल्सिरा, गेल्या थंडीत वारली. रडत वगैरे नाही. उलट छंद लावून घेतलाय. बाटलीत जहाज बांधणार, आठवड्यात संपवणार. फक्त माझ्या सपाता कुठे सापडत नाहीयेत.

५ फेब्रुवारी
डोलकाठी उभी राहीना. या धुरात डिंकच वाळत नाही. जहाज उद्या.
परसातल्या टोमॅटोंना पाणी घालायचं नाही, हे पक्कं. तो एल्सिराचा छंद. मी कशाला मध्ये पडू?

७ फेब्रुवारी, संध्याकाळ
दुपारच्या झोपेतून उठलो तर टोमॅटोंची माती ओली! परसात राखेचा थर, त्यावर सपातांचे ठसे. स्वयंपाकघराच्या दारापासून वाफ्यापर्यंत आणि परत. लहान, एल्सिराच्या मापाचे. तळव्याची फुलांची नक्षीसुद्धा तीच.
मी शिकलेला माणूस. भूतबीत मानत नाही. पाऊस पडला असेल.

८ फेब्रुवारी
पुन्हा ठसे. पाऊस नाही. प्रत्येक ठशामागे एक गोल खळगा. तिची चाल अशी नव्हती. मेल्यावर बदलत असेल.
शेजारीण चाबेला भिंतीवरून म्हणाली, अहो, गेलेली बाई घरात फिरते म्हणजे कुठल्यातरी संताचा नवस राहिलाय तिचा. शक्यच नाही. माझ्या ऑपरेशनच्या वेळी बोललेला नवस तिने युंबेलपर्यंत पायी जाऊन फेडला, सान सेबास्तियानच्या दारात मेणबत्ती लावली आणि वर मलाच टोमणे मारले. मग राहिलंय काय? टोमॅटो.
बरं वाटलं. फार बरं वाटलं. संध्याकाळी ओन्सेच्या चहा-पावाला दोन कप मांडले. तिचा भरलेलाच राहिला. घाईत असेल.

१० फेब्रुवारी
मिरेयाला सांगितलं, येता येत नाही, आई घरात आहे. ती रडायलाच लागली. पहिल्यापासून हळवी. म्हणाली, शनिवारी तुम्हाला न्यायलाच येते.
उद्या दुपारी झोपायचं नाही. दारात खुर्ची टाकून बसायचं आणि एल्सिरालाच विचारायचं, राहू की जाऊ? ती म्हणेल तसं.
जहाज नंतर.

११ फेब्रुवारी
कॉफीवर कॉफी. डोळ्याला डोळा लागू दिला नाही. ती आली नाही. टोमॅटोंनी माना टाकल्या.
चाबेलाला विचारलं, तुला खिडकीतून दिसते का गं ती? आधी हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, अहो एवारिस्तो, रोज दुपारी तुम्हीच तर येता. डोळे अर्धे मिटलेले, पायात तिच्या सपाता, टाचा मागून बाहेर. मला वाटलं, जाणूनबुजून करताय.
या बाईला चष्म्याची गरज आहे.

१२ फेब्रुवारी
माझ्या सपाता पलंगाखाली होत्या. नीट जोडीने ठेवलेल्या.
दुपारी जागेपणी तिच्या घातल्या. टोमॅटोंना पाणी घातलं. वळून पाहिलं. लहान ठसा, मागे खळगा.
म्हणजे ती आलीच नव्हती. एकदाही नाही.
चाबेलाला टोमॅटोंचं सांगून ठेवलं. मिरेया उद्या येईल. ओन्सेला एकच कप मांडला. सपाता अजून पायातच आहेत. फार चावतात. इतके दिवस कसं कळलं नाही?