उंदरांचे गुडघे

३ मार्च. सकाळ.
आमच्या शिवरे गावच्या वार्ताफलकावर आज इतिहास घडवला. पेपरात पहिल्याच पानावर: ‘गुडघ्यांची झीज भरून निघणार, नव्या औषधाला मोठे यश.’ जसंच्या तसं उतरवलं. यशाखाली दोन रेघा. फळ्यावर मथळाच मावतो, बाकी मजकूर हवाय कुणाला? भोर डेपोत वाहतूक नियंत्रक होतो तेव्हा मी माईकवर ‘गाडी लागली आहे’ म्हटलं की अख्खा स्टँड पळत सुटायचा. गाडी दिसत नाही, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

घरी येऊन सुलक्षणाला सांगितलं, तुझं ऑपरेशन रद्द. पुण्याच्या हॉस्पिटलने याच महिन्याची तारीख दिली होती. औषध दारात आलं असताना गुडघा कापून घ्यायचा म्हणजे शुद्ध वेडेपणा. बायको म्हणाली, यंदा भातलावणीला मला पासलीत बांधावरनं भाकऱ्या घेऊन चालत जायचंय, माहेरची लावणी दोन सालं लांबनंच बघतीया. म्हटलं, चालत काय, पळत जाशील. हॉस्पिटलला फोन मीच केला.

तोच दिवस. संध्याकाळ.
अपमान! माझा मेव्हणा इंद्रजित पासलीहून टेम्पो घेऊन पुण्याला जाताना फळ्यापाशी चहाला थांबतो. आज त्याने हॉटेलातला पेपर मागून ती बातमी शेवटपर्यंत वाचली. (या माणसाकडे तेवढी एकच विद्या आहे.) मग माझाच खडू उचलून ‘गुडघ्यांची’च्या आधी लिहिलं: ‘उंदरांच्या’. चार माणसं पोट धरून हसली. वर म्हणतो कसा, दाजी, औषध अजून उंदरांतच फिरतंय, आक्काच्या गुडघ्यात यायला लई वर्सं लागत्याल.

सूड घेणार. याच फळ्यासमोर त्याला नाक घासायला लावीन.

६ मार्च
दूधवाला हनुमंत विचारतो, उंदरं बरी हायती न्हवं? इंद्रजितनंतर याचा नंबर.

१९ मार्च
विजय! आजचा पेपर: ‘गुडघ्यांच्या औषधाची माणसांवरही चाचणी यशस्वी.’ ‘माणसांवरही’ हा शब्द हातभर लांब काढला. इंद्रजित आला. पुन्हा पेपर मागितला! म्हणतो, दाजी, माणसं बाराच हायती. ज्यांनी औषद घेतलं न्हाई त्यांच्याशी ताडून बघितलंच न्हाई. आन् यश आलं म्हणून सांगणारी कंपनीच ते इकणार हाय. म्हटलं, अरे, विकणाराच सांगणार! मिसळ कशी झालीय हे मिसळवाल्यालाच ठाऊक. तर म्हणाला, व्हय, पण तो कधी वाईट झालीया म्हणतो का? उत्तर माझ्या ओठांवर होतं, तेवढ्यात त्याने टेम्पो काढला.

ऑपरेशनची तारीख आजचीच होती. सुलक्षणा पायरी उतरताना भिंत धरते. मी तिकडे बघितलं नाही. मोठ्या कामात मन घट्ट ठेवावं लागतं.

२ एप्रिल
भोरच्या बाजारात एका हातगाडीवर साक्षात औषध मिळालं. पावडर आहे, पण डब्यावर तीच पहिली बातमी चिकटवलेली. म्हणजे पुरावे दोन झाले: एक पेपरात, एक डब्यावर.

आता सूड. ताडून बघितलं नाही म्हणतोस? बघतो ताडून, आणि तेही तुझ्याच घरात! सुलक्षणाला खरी पावडर. सासूबाईंना, म्हणजे इंद्रजितच्या आईला (त्याही गुडघ्यांपायी काठी टेकत चालतात), तसल्याच डब्यातून भाजक्या तांदळाचं पीठ. सासूबाई जिथल्या तिथे आणि सुलक्षणा टुणटुणीत, की धरलंच इंद्रजितला. त्या घरात लग्नापासून मला चहात साखर कमी मिळत आली आहे, त्याचाही हिशेब होईल.

सुलक्षणाच्या दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या. श्रेयाला वाटेकरी नको.

६ एप्रिल. पासली.
डबा दिला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाल्या, जावयानं पैल्यांदाच माझ्यासाठी काय तरी आणलं. मला जरा कसंसंच झालं. पण सूड म्हणजे सूड.

२८ एप्रिल
सुलक्षणाचा गुडघा सुजलाय. पोटात जळजळ. पावडरचा हातगाडीवाला बोललाच होता, गुण येण्याआधी त्रास होतो. शेजारच्या सखूबाई येऊन म्हणाल्या, भावजी, तिला मोरीपतूर धरून न्यावं लागतंय, तुमाला दिसत न्हाई का? म्हटलं, प्रयोग चालू आहे.

११ मे. पासली.
आज निकाल. सासूबाई घरात नव्हत्या. बघतो तर देवळाकडून चालत येतायत, हातात काठी नाही! जावईबापू, तुमच्या औषदानं लई फरक पडला, म्हणाल्या. चहात साखरही भरपूर होती. इंद्रजित विचारतो, मग आक्काला कसा फरक न्हाई? आईला पीठ दिलंय हे सांगावं तर माझीच पावडर हरते. न सांगावं तर सूड कशाचा घ्यायचा? चहा तसाच ठेवून उठलो.

परतताना एसटीत डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तांदूळ! गुण पासलीच्या तांदळात आहे. शोध माझा एकट्याचा, इंद्रजितच्या शेतात उगवलेला असला तरी.

१२ मे
फळा: ‘भाजक्या तांदळाच्या पिठाने गुडघा बरा. सासूबाई काठीविना. मोठे यश.’ गर्दी जमली. हनुमंत दुधाची किटली खाली ठेवून दोनदा वाचून गेला. त्याच्यावरचा सूड वर फुकटात मिळाला.

पण ही बातमी सखूबाईंनी जाऊन सुलक्षणाला सांगितली. घरी आलो तर ती म्हणाली, आईला पीठ चारलंत, मग मला काय चारलंत? मी समजावायला लागलो. तिने ऐकलं नाही, भावाला फोन लावला. इंद्रजित टेम्पोत गादी टाकून आला. हसला नाही. मला वाटलं होतं, हसेल. हसला असता तर भांडता आलं असतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी पावडर बंद केली, आधी पोट बरं करा म्हणाले. ऑपरेशनची नवी तारीख जुलैची.

१५ जुलै
पासलीत लावणी उरकली. भाकऱ्या इंद्रजितच्या बायकोने नेल्या.

काल सुलक्षणाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चांगलं झालंय. सासरहून आलेल्या लेकीला तिच्यापाशी बसवलं आणि सकाळच्या गाडीने शिवऱ्याला आलो, थेट फळ्यावर. ‘ऑपरेशनला मोठे यश’ लिहिलं. रेघा दोन. मोठ्या आनंदाने सुलक्षणाला फोन केला. ती म्हणाली, पुसा ते. अजून उबी राह्यले न्हाई मी. फुडल्या साली बांधावरनं चालून दावीन, तवा लिवा.

पुसलं.

तेवढ्यात इंद्रजितचा टेम्पो आला. तो कोऱ्या फळ्यापाशी उभा राहिला, कठड्यावरचा खडू उचलला, परत ठेवला. म्हणाला, दाजी, चला, आक्काकडं सोडतो.

बसलो. पुण्यापर्यंत त्याने उंदरांचं नावसुद्धा काढलं नाही. इतका वाईट सूड मला सुचला नसता.